हाडाच्या मुठीखालचं नाव

यासेनोवो, १७ फेब्रुवारी १९८५

प्रिय भाऊ वुकोता,

परवा, बाळ येशूला देवळात नेल्याच्या सणाच्या दिवशी, सकाळी मी गाईला चारा टाकला, संत निकोलसच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली आणि भिंतीवरून आजोबांचं रिव्हॉल्वर खाली काढलं. कारण आनंदाचं आहे. माझी लेक, आपली इका, लग्न करतेय. मुलगा दरीपलीकडच्या लोक्वेचा. राडोये त्याचं नाव. निक्शिचला गुरांचा डॉक्टर आहे. हात मोठे, बोलणं थोडं. आता खुर्चीवर नीट बस, कारण आडनाव वाचून तू उठून उभा राहणार आहेस. बेचिच.

हो, तेच बेचिच. ज्यांच्या बोगिचला आपल्या आजोबांनी १९११ साली कुरणाच्या हद्दीवरून गोळी घातली, आणि पुढच्या वर्षी ज्यांच्या अंगणात आजोबा गळ्यात रिव्हॉल्वर अडकवून गुडघ्यांवर रांगत गेले. म्हाताऱ्या सावा बेचिचने स्वतःच्या मुलाला मारणाऱ्याच्या गळ्यातून ते काढलं आणि त्याला हात देऊन उठवलं. त्याला आता त्र्याहत्तर वर्षं झाली. वैर मिटलं ते मिटलंच, पण सोयरीक कधी झाली नव्हती. ही पहिली.

संत जॉर्ज हा बेचिचांचा कुलसंत. सहा मेला त्यांच्या घरी सण असतो, त्या दिवशी आपल्याला जेवायला बोलावलंय. तिथेच लग्नाचा शब्द पक्का होईल. तुझी वहिनी योका पेटीतून माझा सणाचा पोशाख काढून बसली आहे. लाल कमरबंदात रिव्हॉल्वर हवंच, म्हणून मी ते पुसायला घेतलं. मुठीवरच्या हाडाच्या पट्टीला बारीक चीर गेली होती. तू मला नेहमी बजावायचास, "पट्टी उघडू नकोस, हाड जुनं आहे, तुकडे होतील." पण चीर वाढत होती. मी स्क्रू काढला. पट्टी अलगद हातात आली.

आतल्या बाजूला सुरीच्या टोकाने कोरलंय, वुकोता. एक छोटा क्रूस आणि त्याखाली बोगिच बेचिच.

दोनच गोष्टी असू शकतात. एक, समेटाच्या वेळी दोन्ही घरांनी शस्त्रं अदलाबदल केली आणि आजोबा त्यांच्या एखाद्या बाळाचे धर्मपिता झाले. तसं असेल तर दोन्ही घरं एका नात्याची झाली, आणि मग हे लग्न होऊ शकत नाही. तुला माहीत आहे, आपल्याकडे ते नातं नऊ पिढ्या मोजतात. दुसरी गोष्ट मला लिहवत नाही.

तुझ्याकडे दुसरं रिव्हॉल्वर आहे. आपल्या दोघांच्या वडिलांनी एकेक घेतलं आणि आपण दोघं तीस वर्षं भांडतोय की आजोबांचं खरं कुठलं आणि नंतर बाजारातून आणलेलं कुठलं. कृपा करून तुझ्या मुठीची पट्टी उघड आणि आत काय आहे ते मला लिही. इकाला अजून काही सांगितलेलं नाही.

तुझा,
यागोश

*

व्हिएन्ना, ३ मार्च १९८५

यागोश, बर्फाळ रस्त्यांच्या राजा,

तुझं पत्र कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या तुर्काने आपला लेथ बंद केला. त्याला वाटलं माझं बोट गेलं. इका लग्न करतेय! जी माझ्या टोपीत चेरीच्या बिया भरून ठेवायची ती! आणि गुरांचा डॉक्टर म्हणजे उत्तम. आपल्या घराण्यात कुणीतरी तपासून बघायची वेळ आलीच होती.

आता रिव्हॉल्वरचं. अरे बाबा, तुझ्या त्या बेल्जियमच्या नकलेत काय काय निघेल याची मला कधीच खात्री नव्हती. उद्या त्यातून सोनाराची चिठ्ठी निघेल. जुनी हाडाची पट्टी कुणाच्या तरी मोडक्या शस्त्रावरून काढून दुसऱ्यावर बसवायचे, तेव्हा सर्रास चालायचं. नाव पट्टीवर आहे, लोखंडावर नाही. एवढ्यावरून तू झोप का घालवतोस?

इथे आमच्या गल्लीत पिखलर नावाचा म्हातारा जुन्या बंदुका दुरुस्त करतो. शनिवारी मी त्याच्याकडे बसतो. परवा त्याने टेबलावर चार रिव्हॉल्वरं ओळीने मांडली. एक इंग्रज अधिकाऱ्याचं, एक फ्रेंच, एक बेल्जियमचं आणि माझं. चारही एकाच जातीची. घोडा अंगठ्याने मागे ओढायची गरज नाही, नुसता चाप खेचला की घोडा आपणहून उठतो, चक्र एक घर पुढे सरकतं, घोडा पडतो. पण स्वभाव बघ! इंग्रजाचं मधून मोडतं आणि रिकामी काडतुसं एकदम बाहेर फेकतं, घाईच्या माणसासाठी केलेलं. फ्रेंच इतकं नीटनेटकं की त्याने गोळ्या मारण्याऐवजी कचेरीत नोकरी करावी. बेल्जियमचं दिसायला राजा, आतून कारकून. आणि माझं! नळी अशी लांब की टोक आधी पोचतं, मालक मागून येतो. चाप ओढायला बोटात बैल हवा. पिखलरने चष्मा काढून माझा हात हातात घेतला. "द्रागाशसाहेब," म्हणाला, "व्हिएन्नाची अस्सल घडण. असं आता होत नाही."

तुझा चाप आठवतो का? इतका मऊ की एखाद्या म्हातारीनेही ओढावा. मर्दाच्या शस्त्राचा चाप असा असतो का?

माझ्या मुठीचा स्क्रू गंजून बसलाय. जोर लावला तर हाड फुटेल. तेव्हा ते राहू दे.

आणि ऐक, बेचिचांच्या घरी ते नकली लटकवून जाऊ नकोस, घराण्याची लाज काढशील. रिकाम्या कमरेने जा. आता काळ बदललाय, कोण बघतंय? इकाला माझे दोन्ही गालांवर मुके.

तुझा अस्सल भाऊ,
वुकोता

*

यासेनोवो, २४ मार्च १९८५

प्रिय वुकोता,

तुझं पत्र योकाला वाचून दाखवलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "दोन घोडे टक्कल पडलेले, आणि अजून भांडतायत कुणाची आयाळ मोठी." मग म्हणाली, "पण तो उत्तर कुठे देतोय?"

तेच माझ्याही मनात होतं.

मी देवळात जाऊन बाप्तिस्म्याची जुनी वही बघितली. धर्मगुरूंनी कपाट उघडून दिलं आणि स्वतः शेकोटीजवळ डुलक्या घेत बसले. १९१२ आणि १९१३ मधल्या बेचिचांच्या सगळ्या बाळांची नावं वाचली. चार बाळं. धर्मपित्यांमध्ये आपल्या आजोबांचं नाव कुठेच नाही. चारही जण दुसऱ्याच घराण्यांतले आहेत. म्हणजे नात्याची अडचण नाही. मला हलकं वाटायला हवं होतं. मी वही मिटली आणि मेणबत्ती लावायची विसरून तसाच बाहेर आलो, जे माझ्याकडून कधी होत नाही.

कारण मग उरतं ते दुसरं. आजोबांनी ते बोगिचच्या कमरेवरून काढून घेतलं. मेलेल्याच्या अंगावरून. आणि समेटाच्या दिवशी त्यांनी बायबलवर हात ठेवून शपथ घेतली होती की मेलेल्याच्या अंगावरून काहीही घेतलेलं नाही. ही शपथ चोवीस माणसांसमोर घेतात आणि तिच्यावर सगळा समेट उभा असतो, हे तुला मी सांगायला नको.

गेल्या मंगळवारी बसमध्ये राडोयेची आजी भेटली, पेत्राना. अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे आणि अजून ड्रायव्हरला शिव्या घालते, "हळू हाक रे, मी अंडी नेतेय, पोती नाही!" मला शेजारी बसवलं, गुडघ्यावर थाप मारली. म्हणाली, "सणाला येशील ना, पोरा?" म्हटलं, येईन आजी. मग माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बापाचं रिव्हॉल्वर लावून येशील ना? तुझा बाप यायचा." माझे कान तापले. मी काहीतरी बोललो, काय ते आठवत नाही. बिचारीला जुना पोशाख बघायची हौस असेल.

तू सत्तावीस वर्षं लेथवर लोखंड कापतोयस, वुकोता. दोन हाडाच्या पट्ट्यांमधला एक स्क्रू तुझ्याच्याने निघत नाही, यावर मी विश्वास ठेवू?

तुझा,
यागोश

*

(पोस्टकार्ड, चित्र: बागेतला मोठा आकाशपाळणा)

व्हिएन्ना, ६ एप्रिल

यागोश, कारखान्यात कामाचा भडिमार. कंबर धरली आहे, बाकी ठीक. ते रिव्हॉल्वर कुणा येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर इकडे पाठवून दे, चीर गेलेल्या पट्टीच्या जागी पिखलर नवी बसवून देईल. जुनी पट्टी फेकून दे. सविस्तर नंतर. वु.

*

यासेनोवो, ईस्टरचा दिवस, १४ एप्रिल १९८५

ख्रिस्त उठला आहे, भाऊ.

योकाने कांद्याच्या सालीत पंचवीस अंडी रंगवली. अंड्यावर अंडं आपटायच्या खेळात इकाने नेहमीप्रमाणे सगळ्यांची फोडली आणि तिचं मात्र शाबूत राहिलं. मी सकाळी प्रार्थनेला उभा होतो आणि मनात मोजत होतो, संत जॉर्जच्या दिवसाला बावीस दिवस उरले.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. जुनी पट्टी फेकून दे, असं तू लिहिलंस. वुकोता, लहानपणी आपण देवळामागचं मधमाश्यांचं पोळं पाडलं होतं. तेव्हाही तू असाच बोलला होतास, "काठी फेकून दे." मी फेकली नाही आणि मार मलाच बसला, पण तू रात्रभर रडलास, मी नाही.

मला ठाऊक आहे की तुला काहीतरी ठाऊक आहे. मी रागावलो नाही. फक्त मी एकटा हे उचलू शकत नाही. लिही.

यागोश

*

व्हिएन्ना, २५ एप्रिल १९८५

प्रिय यागोश,

ख्रिस्त खरंच उठला आहे.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. पहिली दोन जाळली, त्यातली गंमत फारच वाईट होती.

आठवतं, १९५८ साली मी इकडे यायला निघालो, त्याच्या आदल्या दिवशी दोन्ही रिव्हॉल्वरं मी साफ करायला घेतली होती? तू अंगणात माझ्यासाठी खारवलेलं मांस बांधत होतास. मी दोन्ही मुठी उघडल्या. माझ्या पट्टीखाली कोरलेलं होतं "मि. द्रा." म्हणजे मिलोन्या द्रागाश, आपले आजोबा. तुझ्या पट्टीखाली तू वाचलंस तेच. मी ते घेऊन बाबांकडे गेलो. ते गोठ्यात होते. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, हो, बापाने ते मेलेल्याच्या कमरेवरून घेतलं. आणि खोटी शपथ घेतली. का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. सुरेख वस्तू होती म्हणून, तरुण होता म्हणून, हाताला लागली म्हणून. तुझे बाबा नोवित्सा धाकटे, त्यांना कुणी सांगितलं नाही. ते सणावारी कमरेला लावून मिरवायचे. माझ्या बाबांनी माझ्याकडून वचन घेतलं, की नोवित्साच्या घरात हे कधी कळता कामा नये.

मग मी काय केलं? तुला चिडवायला सुरुवात केली. ते बेल्जियमचं आहे, नकली आहे, लाज आणशील, लग्नात लावू नकोस, बाजारात लावू नकोस, चारचौघांत काढू नकोस. मला वाटलं, यागोश लाजाळू आहे, लाजेने तरी ते भिंतीवरच राहील आणि कुणा बेचिचच्या नजरेला पडणार नाही. पट्टी उघडू नकोस, हाड फुटेल. सत्तावीस वर्षं प्रत्येक पत्रात मी हेच लिहिलं आणि तू प्रत्येक वेळी त्याच प्रेमाने भांडलास. मला कधीकधी वाटायचं, आता तो मला मारायला व्हिएन्नाला येईल. तू दर नाताळला मध पाठवत राहिलास.

आता सगळंच सांगतो. तुझंच अस्सल आहे. व्हिएन्नाचं. नळीखाली नीट बघ, खरडलेला वाटतो तो ठसा आहे. माझं बेल्जियमचं. पिखलर काय म्हणाला ते मी उलटं लिहिलं. माझं बघून तो म्हणाला, "द्रागाशसाहेब, याच्या चापाने मालकाचंच बोट मोडेल." आणि मी तुझ्या रिव्हॉल्वरचं वर्णन केलं, चाप कसा लोण्यातून सुरी जावी तसा चालतो ते, तेव्हा त्याने चष्मा काढला.

आता माझं ऐक. तुझ्या मुलीचं लग्न आहे. त्र्याहत्तर वर्षं शांततेत गेली. ते रिव्हॉल्वर उचल, चादरीत गुंडाळ, काळ्या तळ्यापर्यंत चालत जा आणि जिथे खोल आहे तिथे टाक. शपथ खोटी होती हे उघडं झालं तर समेट खोटा ठरतो, आणि मग ते लोक काय करतील कुणास ठाऊक. निदान मुलीला तरी घरी परत पाठवतील. पाप असेल तर माझ्या नावावर लिही. मी आधीच एक वचन मोडून हे लिहितोय, त्यात आणखी एकाची भर.

मला माफ कर, किंवा करू नकोस, पण लिहीत राहा.

वुकोता

*

यासेनोवो, ८ मे १९८५

प्रिय भाऊ,

तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा काय केलं सांगू? रिव्हॉल्वर उन्हात नेलं आणि नळीखाली बघितलं. ठसा आहे. सत्तावीस वर्षं मी ज्याला ओरखडा समजत होतो तो व्हिएन्नाचा ठसा. मी एकटाच अंगणात मोठ्याने हसलो, गाय बघत राहिली. तू खोटारडा आहेस, वुकोता, आणि तुझ्याइतकं कुणी माझ्यासाठी खोटं बोललं नाही.

मग मी तळ्याकडे निघालो. खरंच निघालो होतो. चादरीत गुंडाळलं होतं. वाटेत मधमाश्यांच्या पेट्यांपाशी इका भेटली, तिने चादर बघितली, मला बघितलं. म्हणाली, "बाबा, कोण मेलं?" मी तिला सगळं सांगितलं. तिने चादर उघडून मूठ बघितली. शेवटी म्हणाली, "मला त्या घरात आयुष्य काढायचंय. मी त्यांच्या भांड्यात स्वयंपाक करणार आणि मनात हे ठेवणार? तुम्ही नाही सांगितलंत तर मीच राडोयेला सांगेन. मग त्याने मला घरी बसवलं तरी चालेल." मी म्हटलं, "तो बसवेल." ती म्हणाली, "बसवेल तर बसवेल. पण नंतर नको, आत्ता." तिच्या हनुवटीकडे बघून मला माझी आई आठवली.

सहा तारखेला सकाळी मी पोशाख चढवला, लाल कमरबंद बांधला, पण रिव्हॉल्वर कमरेला लावलं नाही. स्वच्छ पंच्यात बांधून घेतलं. पाहुणे दुपारी जमणार होते, मी सूर्य डोंगरावर आला तसा निघालो. योका दारात उभी. "अहो, चार घास तरी खा. माफी उपाशीपोटी मागायची असं कुठे लिहिलंय?" मी दोन घास खाल्ले. इका पुलापर्यंत आली आणि तिथेच थांबली. "मी इथेच थांबते," म्हणाली. "हाक आली तर येईन."

बेचिचांच्या फाटकापाशी मी पंचा सोडला. मुठीच्या टोकाला जी कडी असते तिच्यातून दोरी ओवली आणि गळ्यात घातलं. टोपी काढली. गुडघ्यांवर बसलो. पन्नाशीच्या माणसाचे गुडघे आणि त्यांच्या अंगणातले दगड, काय सांगू. नळी छातीवर आपटत होती. आजोबांना हे किती जड वाटलं असेल ते मला पाच पावलांतच कळलं, आणि त्यांच्या गळ्यात तर दुसरंच होतं, तुझं.

राडोये बादली घेऊन गोठ्यातून बाहेर आला. त्याने असं दृश्य आयुष्यात पाहिलेलं नाही. बादली टाकून धावत आला. "काका, काय झालं? छातीत दुखतंय का?" मला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला.

"बाजूला हो, राडोये. त्याला काही झालेलं नाही. त्याला आता बरं वाटायला लागलंय."

पेत्राना बाकावर बसून संत जॉर्जच्या सणासाठी फुलांच्या माळा गुंफत होती. तिने माळ बाजूला ठेवली, काठी घेतली आणि खाली उतरली. एकेक पायरी. मला वाटलं ती कधी पोचणारच नाही.

"याच्या गळ्यातून कोण काढणार?" राडोयेने विचारलं. "मी काढू?"

"घरच्या थोरल्याने काढायचं असतं. सासरे गेले, नवरा गेला, मुलगा गेला. थोरली मी." तिने माझ्या मानेमागे हात नेला, दोरी काढली, आणि दुसऱ्या हाताने माझा कान धरून मला उठवलं. खरंच कान धरला, वुकोता. "ऊठ. आता कुणी रांगत येत नाही, लोक बसने येतात."

मी म्हटलं, "आजी, माझ्या आजोबांनी हे बोगिचच्या अंगावरून घेतलं. खोटी शपथ घेतली. आम्हाला ठाऊक नव्हतं. आता आहे."

"मला पण ठाऊक आहे," ती म्हणाली. "मी इथे सून म्हणून आले तेव्हाच सासऱ्यांनी सांगितलं."

आणि मग तिने जे सांगितलं ते तुझ्या बाबांनाही अर्धंच कळलं होतं. समेटानंतरच्या हिवाळ्यात, पहिल्या मोठ्या बर्फात, आपले आजोबा एकटे लोक्वेला गेले होते. हे रिव्हॉल्वर घेऊन. सावा बेचिचच्या पुढे ठेवलं आणि म्हणाले, मी खोटं बोललो, आता मला काय करायचं ते कर. सावाने ते उचलून पाहिलं. मग म्हणाला, "हे मी परत घेतलं तर लोक विचारतील कुठून आलं. मग शपथ मोडेल, समेट मोडेल, आणि माझी उरलेली मुलं तुझ्या माणसांच्या मागे धावतील. घेऊन जा. तुझ्या भिंतीवर टांग, जिथे तुला रोज सकाळी दिसेल. कुणाचं आहे ते रोज बघ."

पेत्राना म्हणाली, "आम्हाला वाटायचं, तुम्ही बघताय. आणि मग एका संत जॉर्जच्या सणाला तुझा बाप ते कमरेला खोचून आमच्याच जेवणाला आला! मी त्याला रस्सा वाढला. अर्धा खाली सांडला. मनात म्हटलं, किती निर्लज्ज माणूस. तो म्हणाला, काय चविष्ट रस्सा आहे, वहिनी. आणि असा हसला, लहान मुलासारखा. तेव्हा मला कळलं, याला काही ठाऊकच नाही. मग काय बोलणार? वर्षानुवर्षं तो यायचा आणि वर्षानुवर्षं मी वाढायचे."

शिक्षा होती ती, वुकोता. आपण तिची शोभा केली. आणि मग दोघं बसून भांडत राहिलो की ती शोभा अस्सल कुणाची.

"बसमध्ये तुला विचारलं ते बघायला, की तुला तरी ठाऊक आहे का," ती म्हणाली. "तुझे कान लाल झाले. तेव्हापासून रोज सकाळी मी या बाकावर बसून वाट बघतेय. आज आला नसतास, तर दुपारी तुला रस्सा वाढला नसता."

मग तिने रिव्हॉल्वर उलटसुलट करून बघितलं. मी चक्र रिकामं असल्याचं दाखवलं, तरी तिने नळी जमिनीकडे धरली. दोन्ही हातांनी मूठ पकडली आणि एका सुरकुतलेल्या बोटाने चाप खेचला. घोडा हळूहळू उठला, चक्र एक घर सरकलं आणि घोडा पडला. टक्. ती इतकी खूश झाली की पुन्हा खेचला.

"केवढं मऊ आहे गं बाई!" म्हणाली.

तू लिहिलं होतंस, एखाद्या म्हातारीनेही ओढावा असा चाप. ते मला आठवलं आणि तिथे अंगणातच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं पश्चात्तापाने. असू दे, ते पण होतंच.

राडोये अजून तिथेच होता. मी त्याच्याकडे बघून म्हटलं, "आता तुला लग्न नको असेल तर मला समजेल." तो म्हणाला, "इका कुठे आहे?" म्हटलं, पुलावर. तो ती उलटलेली बादली तशीच टाकून उताराने धावत गेला.

पेत्रानाने रिव्हॉल्वर माझ्यापुढे केलं. "जा घेऊन. तुला कळलं, झालं. आता तुझ्या भिंतीवर नीट बघत राहा." ती मनापासून म्हणत होती. आणि मी हात पुढे केला नाही. मी म्हटलं, "आजी, ते काम आम्हाला जमलं नाही. आमच्या भिंतीवर ते विसरायला होतं. इथे राहू दे. माझी मुलगी या घरात येतेय, ती रोज त्याच्याखालून जाईल, ती विसरणार नाही." ती मला निरखत राहिली. मग म्हणाली, "मग उभा काय आहेस? हातोडी गोठ्यात आहे."

लग्न ऑक्टोबरात, द्राक्षं उतरल्यावर. ये. रिकाम्या कमरेने ये, माझीही रिकामीच असेल, आणि तुझ्या त्या बेल्जियमच्या बोटमोड्याला पिखलरकडे ठेव. मला ते एकदा हातात घेऊन बघायचंय, पण इथे नको. कधीतरी मीच येईन.

तर मी गोठ्यातून हातोडी आणि एक लांब खिळा आणला. त्यांच्या मोठ्या खोलीत, संत जॉर्जच्या तसबिरीजवळच्या तुळईत तो ठोकला, दोनदा वाकला, तिसऱ्यांदा बसला. हाडाची पट्टी मी उलटी करूनच लावली होती, नाव बाहेर. मग कडी खिळ्यात अडकवली आणि हात सोडला.